पितळी अहो

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळाच्या मंडपात टांगलेली नव्हे आणि शाळा सुटल्याची आनंदवार्ता देणारीही नव्हे. मी सायकलची घंटी. वर्षभर मी देवघरात बसले होते खरी, पण ती माझी जागा नव्हती, आणि माझी गोष्ट मुख्यतः त्या वर्षाचीच आहे.

सध्या मी कॅनडात, हॅलिफॅक्स शहरातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, सायकलच्या हँडलवर आहे. बाहेर बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढला आहे. वर आजोबा बूट आपटून बर्फ झाडत आहेत. मे महिना यायला अजून अवकाश आहे, त्यामुळे मला सवड आहे. माझ्या मनावर एक ओझे आहे. या घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे ओझे केव्हाच उतरवून ठेवले. माझे तेवढे राहिले. ते आज तुमच्यासमोर उतरवते.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्याला दाबून माझी वाटी घडवली, आत दोन दातेरी चाके आणि एक स्प्रिंग बसवली, आणि बाहेर अंगठ्याने दाबायची कळ लावली. चष्मा लावलेल्या एका बाईने मला तीनदा वाजवून पाहिले. तिन्ही वेळा माझा आवाज सारखाच खणखणीत आला. तिने मान डोलावली आणि मला डब्यात ठेवले.

त्या डब्यातून मला बाहेर काढले ते शरदचंद्र नावाच्या तरुण डॉक्टरांनी. १९७० सालची ही गोष्ट. ते नागपूरहून इंग्लंडला आले होते आणि श्रॉपशर परगण्यातल्या एका इस्पितळात नोकरी करत होते. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांची पत्नी मृणालिनी सायकलवरून गावोगाव फिरत. अडचण एकच होती. डॉक्टर पुढे निघून जात आणि मृणालिनीबाई मागे राहत. नवऱ्याला नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती, आणि गोऱ्या लोकांच्या देखत "अहो, अहो" असे ओरडायची लाज वाटे. डॉक्टरांनी मला त्यांच्या सायकलच्या हँडलवर, डाव्या हाताच्या अंगठ्याशी बसवले आणि हसून म्हणाले, "नाव घ्यायचं नाही, हाक मारायची नाही, मग मला कळायचं कसं? ही घे. ही तुझी पितळी अहो."

तेव्हापासून आमची एक भाषा ठरली. एकदा वाजले की पुढे वळण आहे. दोनदा वाजले की पुढे कुणी माणूस किंवा मेंढी आहे, बाजूला व्हावे. आणि तीनदा वाजले की, "अहो, थांबा जरा!"

तीन-चार वर्षांनी ती दोघे कॅनडाला निघाली. सायकली विकल्या, पण मृणालिनीबाईंनी मला सोडवून आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवले. पुढची पंचवीस-तीस वर्षे मी त्या डब्यात होते. डॉक्टरांचे इस्पितळ, मुलगी नीरजाची शाळा, हिवाळ्यात रोज सकाळी दारापुढचा बर्फ उपसणे, यात सायकलीला जागा कुठली? मी रागावले नाही. डबा उघडला की मृणालिनीबाई बटण शोधता शोधता एकदा तरी माझी कळ दाबत. तेवढ्याने माझे भागत असे.

डॉक्टर निवृत्त झाले तोवर नीरजाचे लग्न होऊन तिला जाई नावाची मुलगी झाली होती. दोन रस्ते सोडून त्यांचे घर. शाळा सुटली की जाई आजीकडे येई. म्हणून आता मीही त्यांना आजी-आजोबाच म्हणते.

२००३ साली आजोबांनी लांबच्या प्रवासाच्या दोन सायकली घेतल्या आणि एक दिवस जाहीर केले, "मृणाल, मे महिन्यात तीन आठवडे इंग्लंडला. आपलेच जुने रस्ते. रोज वीस-पंचवीस मैल, त्याहून जास्त नाही. घाई करायची असेल तर माणसानं मोटार घ्यावी."

आजीने शिवणाचा डबा उघडला आणि मी पुन्हा हँडलवर आले.

मित्रांनो, ते रस्ते तुम्ही पाहायला हवेत. इतके अरुंद की दोन्ही बाजूंची हिरवी कुंपणे कोपरांना लागतात. ती माणसाहून उंच, त्यामुळे वळणापलीकडचे काही दिसत नाही. वर्दळ इतकी कमी की रस्त्याच्या मधोमध गवताची शेंडी उगवलेली असते. मे महिन्यात कडेला पांढऱ्या फुलांचे तुरे डोलतात. आजी म्हणत, "बघा, इंग्रजांची कोथिंबीर फुलाला आली." कुठे ओढाच रस्त्यावरून वाहतो आणि पाय वर उचलून त्यातून सायकल न्यावी लागते. दुपारी एखाद्या चर्चच्या अंगणातल्या बाकावर दशम्या आणि लसणाची चटणी निघे. पहिल्या दिवशी आजोबा डाव्या मनगटाला लाल दोरा बांधत, कारण कॅनडात उजवीकडून चालायची सवय आणि तिथे सारे डावीकडून. दोरा दिसला की ते पुटपुटत, "डावीकडून, शरदचंद्र, डावीकडून."

आणि मी? मी वळणावळणावर वाजत असे. कुणी कुत्र्याला फिरवणारे गृहस्थ बाजूला होत, टोपी उचलत. आजोबा पुढे दिसेनासे झाले की तीन टिंग जात, आणि ते पुढच्या फाट्यावर लाकडी पाटीला टेकून उभे असलेले सापडत. असे चार-पाच मे महिने गेले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

मग २००७ सालचे गणपती आले.

घरात वीसेक माणसे जमली होती. आरतीच्या तोंडावर पूजेच्या घंटेची जीभ तुटून पडली. आजी हवालदिल झाल्या. "आता घंटेवाचून आरती? अहो, काहीतरी करा!"

"टाळ्या वाजवू," आजोबा म्हणाले.

"टाळ्या काय, तुमचं भाषण आहे का?"

तेवढ्यात सात वर्षांची जाई बेसमेंटमध्ये पळाली. तिने स्क्रू ड्रायव्हरने मला हँडलवरून सोडवले आणि धापा टाकत वर आणले. "आजी, धिस वन वर्क्स!"

त्या दिवशी मी पाच आरत्या वाजले. कापराच्या धुराने स्मोक अलार्म वाजू लागला आणि नीरजा त्याच्याखाली टॉवेल हलवत राहिली, तरी माझा आवाज त्याच्यावर गेला. सगळ्यांनी जाईचे कौतुक केले. आजीने मला हळदकुंकू लावले, माझ्यावर एक फूल ठेवले. जन्मात मला कुणी फूल वाहिले नव्हते. खोटे कशाला सांगू, मी फुलून गेले.

विसर्जनानंतर आजोबा मला न्यायला आले तेव्हा आजी म्हणाल्या, "राहू द्या तिला. देवापुढे वाजलेली घंटा आता परत त्या मेंढ्यांच्या लेंड्यांत?"

"अगं, तिचं गाव आहे ते!"

"असेल. आता ती देवाची. तुम्ही नवी आणा की एक."

आजोबा "आणतो" म्हणाले आणि विसरले. देवासाठी पुण्याहून नवी घंटा आली. ती रोज वाजू लागली आणि मी नुसती बसून राहिले. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात देवघर होते. तिथे गणपतीच्या तसबिरीशेजारी मला रोज गंध आणि फूल मिळे. जाई येता-जाता हात जोडे. आजीने तिला बजावले होते, "ही आता देवाची बरं का. खेळायला घ्यायची नाही. देवाची वस्तू नेली तर देव रागावतो." मला ते ऐकायला फार गोड लागे. न वाजता पूजा मिळत होती, मग वाजायचे कशाला?

मे २००८. निघण्याचा दिवस उजाडला. सायकली खोक्यांत बांधून झाल्या. आजोबांना एकदम आठवले की घंटी घ्यायची राहिली. दुकानात जायला वेळ नव्हता. आजी वरच्या मजल्यावर कपडे भरत होत्या. आजोबांनी हळूच देवघरातून मला काढले, जुन्या दात घासायच्या ब्रशने माझ्यातले कुंकू खरवडले, तेलाचा थेंब सोडला, आणि हँडलला लावायच्या छोट्या पिशवीच्या बाहेरच्या खणात मला ठेवले. "मृणालला तिथे गेल्यावर सांगू," असे स्वतःशीच म्हणून ते गॅरेजमध्ये गेले.

खुर्चीवर ती पिशवी होती, आणि टेबलाशी जाई चित्र रंगवत बसली होती. तिने सगळे पाहिले होते.

ती उठली. पिशवीपाशी आली. तिने खण उघडला आणि मला बाहेर काढले. तिचे डोळे भेदरलेले होते. ती पुटपुटली, "बाप्पा विल बी मॅड."

मित्रांनो, आता नीट ऐका. मला वर उचलताना तिचे बोट माझ्या कळीवर पडले. कळ दबली. नुकतेच तेल मिळाले होते, कुंकू निघाले होते. मी सहज वाजले असते. एक टिंग, आणि आजोबा आत आले असते, "काय गं, काय करतेस?" म्हणाले असते, आणि सगळे तिथल्या तिथे मिटले असते.

पण मला फूल आठवले, गंध आठवले. समोर चिखल, पाऊस आणि मेंढ्या दिसल्या. मी माझ्या चाकांचे दात घट्ट आवळून धरले. मी वाजले नाही.

जाईने मला गणपतीच्या तसबिरीमागे ठेवले आणि ती पुन्हा चित्र रंगवू लागली. दोन तासांनी आजी-आजोबा विमानतळाकडे गेले.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. ते मी महिन्याभराने, त्याच कप्प्यात बसून ऐकले.

आजी परत आल्या त्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून. मनगट दोन ठिकाणी मोडले होते आणि आत धातूची पट्टी घातली होती. नीरजा स्वयंपाकघरात चहा करत होती, आजोबा खिडकीबाहेर बघत होते, आणि जाई टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"झालं काय की," आजी सांगू लागल्या, "चौथा दिवस. मोठा उतार होता. हे पुढे निघून गेलेले. मी वळण घेतलं तर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारे गृहस्थ, पाठमोरे. हाताखाली घंटी नाही. तोंडाला जे येतं तेच आलं. मी ओरडले, 'अहो! अहो!'"

"आई, इंग्लंडमध्ये?" नीरजा म्हणाली.

"अगं, पडताना माणूस भाषा निवडतो का? आणि त्याला वाटलं मी 'हॅलो, हॅलो' म्हणतेय! बिचारा बाजूला व्हायचं सोडून थांबला, वळला, टोपी काढली आणि हसून म्हणाला, 'हॅलो!'"

नीरजाला हसू आवरेना. आजीही हसल्या. "आता त्या टोपीवाल्यावर कशी घालू सायकल? वळवली ती थेट चरात. खाली दगड आणि वर ती खाजकुइलीसारखी चावरी पानं. त्या मिस्टर बार्लोंनीच मग स्वतःच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं. सारखे 'सॉरी, सॉरी' म्हणत होते. मी म्हटलं, सॉरी तुम्ही कशाला? घंटी घरी ठेवून येणारी मी."

सगळे हसत होते. आजोबा हसले नाहीत. टेबलाखालची जाई हसली नाही. आणि तसबिरीमागे मी. त्या दिवशी आजीने उजव्या हाताने मला तसबिरीमागून पुढे घेतले आणि माझ्यावर नेहमीसारखे फूल ठेवले. ते मला निखाऱ्यासारखे लागले.

त्यानंतर घरातले वातावरणच बदलले. आजी म्हणाल्या, "आता पुरे झाली सायकल. वय झालं." प्लास्टर निघाले, पण अंगठ्यात जोर येईना. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. आजी तो दोनदा दाबत आणि कंटाळून बाजूला ठेवत. "हा चेंडू काही बोलत नाही, चालत नाही. काय त्याच्याशी खेळायचं!"

आजोबा मुकाट झाले होते. जाई देवघरासमोर यायची बंद झाली. त्या वर्षीच्या गणपतीत ती आरतीला आली नाही, जिन्यावर बसून राहिली. मोदकही नको म्हणाली. "पोट दुखतंय का?" आजीने विचारले, तर म्हणाली, "आय ॲम फाइन." मी वरून तिच्याकडे बघे. ती सात-आठ वर्षांची पोर एवढे ओझे एकटीने वागवत होती, आणि त्यातला निम्मा भार माझा होता. पण घंटीला आपणहून वाजता येत नाही, मित्रांनो. कुणीतरी कळ दाबावी लागते. मला संधी मिळाली होती तेव्हा मी दात आवळले होते.

ऑक्टोबरमध्ये आजोबांनी इंटरनेटवर जाहिरात दिली: दोन सायकली विकणे आहेत. युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. शनिवारी सकाळी अकरा वाजता तो न्यायला येणार होता. एकदा सायकली गेल्या की ते अरुंद रस्तेही गेले, हे सर्वांना ठाऊक होते, पण कुणी बोलत नव्हते.

त्या शनिवारी साडेदहाला नीरजा जाईला सोडून गेली. आजोबांनी सायकली पुसून दाराशी आणून ठेवल्या होत्या. आजी पोळ्यांची कणीक एका हाताने मळायच्या प्रयत्नात होत्या. जाई दारातच थबकली. तिने सायकलींकडे पाहिले, मग आजीच्या हाताकडे. मग ती खुर्ची ओढत देवघरापाशी आली, वर चढली, आणि पाच महिन्यांनी तिचा हात माझ्यापर्यंत पोचला.

"आजी," ती म्हणाली, "इट वॉज मी."

"काय गं?"

"आजोबांनी बेल बॅगेत ठेवली होती. आय टुक इट आउट. मी परत इथे ठेवली." आणि तिला रडू फुटले. "यू सेड ती देवाची आहे. आय थॉट बाप्पा तुझ्यावर रागावेल. सो मी... सो तू पडलीस."

आजीने कणकेचा हात तसाच धरला होता. मग त्या खुर्चीपाशी आल्या आणि जाईला उजव्या हाताने कवेत घेतले. तिच्या पाठीवर कणकेची पाच बोटे उमटली.

"तू नाही गं काढलीस," त्या म्हणाल्या. "माझ्याच बोलण्यानं ती पिशवीतून बाहेर आली. देव असा रागावत नसतो. मीच भलतं सांगून ठेवलं तुला. माझ्या वाजणाऱ्या घंटीला फुलं वाहून मुकी केली मी."

आजोबा दारात उभे होते.

"मृणाल," ते म्हणाले, "म्हणजे तू नव्हती काढलीस?"

"मी? मला ती पिशवीत होती हेच आत्ता कळतंय!"

"तिथे पोचल्यावर पिशवी उघडली, तर घंटी नाही. मला वाटलं, तू पाहिलंस आणि मुद्दाम परत ठेवलीस. मला राग आला. तुला विचारलंही नाही. दुसरी घेऊ, पुढच्या गावात घेऊ, म्हणत फुगून बसलो. त्या दिवशी उतारावर मी तुला सोडून मुद्दाम पुढे गेलो. मिस्टर बार्लो मला दिसले होते. ते माझ्यासाठी बाजूलाही झाले होते. मागे थांबून तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

आजी म्हणाल्या, "तरीच चार दिवस 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नव्हतात. मला वाटलं, दशम्या वातड झाल्या म्हणून."

जाई रडता रडता फिसकन हसली.

आजीने तिच्या हातातून मला घेतले. डावा अंगठा माझ्या कळीवर ठेवला. अंगठा वाळला होता, बारीक झाला होता. त्यांनी जोर लावला. कळ जेमतेम हलली. तेवढ्या जोराला मी एरवी कधी वाजले नसते. पण मित्रांनो, त्या दिवशी मी दात असे सैल सोडले, की चाके आपणहून पुढे सरकली.

"टि," मी म्हणाले. पुरता टिंगसुद्धा नव्हता तो.

आणि त्याच क्षणी दारावरची बेल वाजली. तो विद्यार्थी आला होता.

"अहो," आजी म्हणाल्या, "सांगा त्याला, सायकल विकायची नाही."

"दोन्ही?"

"का? तुम्हाला एकट्याला जायचंय कुठे?"

त्या मुलाला चहा आणि चिवडा मिळाला, सायकल मिळाली नाही. तो बिचारा गोंधळून, पण पोट भरून गेला.

त्या हिवाळ्यात मऊ चेंडू कपाटात गेला आणि त्याच्या जागी मी आले. आजोबांनी मला लाकडाच्या एका जाड काठीला बसवले. रोज सकाळी दहा वेळा कळ दाबायची, मग वीस, मग पन्नास. शाळेतून आल्यावर जाई मोजायला बसे. ती इंग्रजीत मोजे आणि आजी मराठीत, त्यामुळे एकोणतीस की ट्वेंटी नाइन यावरून रोज भांडण. नीरजा वैतागे, "आई, मी फोनवर आहे! जरा वेळ बर्फ शोव्हल करायला जा बाई बाहेर!" मी वाजत राहिले. पहिल्यांदा टि, मग टिन्, आणि फेब्रुवारीत एका सकाळी चक्क टिंग. आजोबा बाहेर बर्फ उपसत होते. ते फावडे टाकून आत आले आणि म्हणाले, "काय गं? थांबू का?" अजून दोन टिंग बाकी होते, पण त्यांना धीर निघाला नव्हता.

मला आता फूल मिळत नव्हते. ते मला नकोच होते.

२०१० सालच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या रस्त्यांवर गेलो. या वेळी दहा वर्षांची जाईही होती. तिच्यासाठी तिथेच एक छोटी सायकल भाड्याने घेतली. आजोबा पुढे, पण माझ्या आवाजाच्या टप्प्यात, मध्ये जाई, मागे आजी. कोथिंबीर फुलली होती. तो उतार आला तेव्हा आजींचा अंगठा माझ्या कळीवर घामेजला. वळणाआधी एक टिंग गेला. वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध मिस्टर बार्लो. आपण येणार असे आजींनी त्यांना कार्डावर लिहून कळवलेच होते.

दोन टिंग.

म्हातारा पटकन कुंपणाला चिकटला. मग त्याने टोपी काढली, छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अहो!"

तो दोन वर्षे हेच समजून होता, की आमच्याकडे हॅलोला अहो म्हणतात.

पुढे गेलेल्या आजोबांनी करकचून ब्रेक दाबले आणि वळून विचारले, "काय गं?"

जाई हसता हसता सायकलवरून पडलीच, पण गवतात. आजींनी डोळे पुसले. सगळी चर्चच्या अंगणातल्या बाकावर बसली, आणि मिस्टर बार्लोंनी लसणाची चटणी खाऊन तीन पेले पाणी प्यायले.

मित्रांनो, त्या दिवशी सगळ्यांची ओझी उतरली होती. जाईने आपले सांगितले होते, आजीने आपले, आजोबांनी आपले. मिस्टर बार्लो तर काही चूक नसताना दोन वर्षे कार्डांवर सॉरी लिहीत होते. एकट्या मला कुणी विचारले नाही. घंटीला कोण विचारणार? कुणालाही ठाऊक नाही, की त्या दिवशी कळ दबली होती आणि मी मुद्दाम गप्प बसले. आजींचे मनगट आजही थंडीत ठणकते. त्या अंगठा माझ्यावर ठेवतात तेव्हा त्यातली पट्टी मला जाणवते, आणि मी मनात म्हणते, ही माझ्यामुळे.

म्हणून आज तुम्हाला सांगितले. सायकल बाहेर काढण्याआधी तिची घंटी वाजवून बघत जा. तिच्यात धूळ असेल तर पुसा, गंज असेल तर तेलाचा थेंब द्या. तिला फुले वाहू नका. ती वाजली की तिची पूजा झाली. आणि तुमच्या स्वतःच्या मनात काही अडकून बसले असेल, तर तेही सांगून टाका. मनातल्या मनात वाजलेली घंटी कुणालाच ऐकू जात नाही.

वर जिन्याचे दार उघडले वाटते. जाई खाली येते आहे. ती आता उंच झाली आहे, पण बेसमेंटमध्ये आली की अजूनही जाता जाता माझी कळ दाबते. नेमकी तीनदा.

आली. आता मी दात आवळणार नाही.